बरं हाये जी

"आई, पाय काढा! आधी पाय काढा तो…!"

पायलच्या हातातली पिठाची परात अंगणात पालथी झाली. न्हाणीच्या दगडावर सासूबाई, कांताबाई, निवांत बसल्या होत्या आणि चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, वाफा सोडणारं पाणी मगानं स्वतःच्या उजव्या पायावर ओतत होत्या… विसण घालायचं विसरल्या होत्या. पायलनं झेप घेऊन त्यांच्या हातातला मग हिसकावला, तेव्हा तिचीच बोटं चटकन भाजली. पण कांताबाईंच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नव्हती! त्या सुनेकडे नवलानं पाहत राहिल्या.

"काय झालं वो पोरी? कोमटच त हाये पाणी."

"कोमट?" पायलचा आवाज चिरकला. "आई, कातडं लाल झालं ना वो! तुमाले समजत नाई काय?"

कांताबाईंनी वाकून पायाकडे पाहिलं. पायाच्या पंजावर फोड वर येत होता. मग त्यांनी घाईघाईनं, चोरी पकडली गेल्यासारखा, पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि सुनेचा हात घट्ट धरला. निदान त्यांना वाटलं घट्ट धरला. ती पकड कापसाच्या बोंडासारखी हलकी होती.

"धम्माले सांगू नको. तुले माही आण हाये पायल, माह्या पोराले सांगू नको!"

त्या क्षणापासून पायलच्या काळजावर जे ओझं बसलं, ते पुढचा महिनाभर उतरलं नाही.

कांताबाईंच्या पोटात गाठ निघाली त्याला दीड वर्ष झालं होतं. बीजकोशाचा कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, यवतमाळच्या दवाखान्यात केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, सगळं सरकारी योजनेत बसलं. डोक्याचे केस गेले, अन्नावरची वासना गेली. पण खरं सांगायचं तर त्या औषधानं त्या माउलीला मरणाच्या दारातून परत आणलं होतं. केस पुन्हा उगवले, कांताबाई मारेगावच्या बाजारात जाऊन वांग्यांसाठी घासाघीस करू लागल्या, आणि घराला वाटलं, सुटलो! सहा महिन्यांनी पोट पुन्हा फुगलं. आता दुसऱ्यांदा केमो चालू होती, दर आठवड्याला. आणि या वेळचं औषध हातापायांतली जाणीवच चोरून नेत होतं, गुपचूप, एकेक बोट करून.

हे डॉक्टरांना सांगितलं असतं तर? डॉक्टर औषध कमी करतात, बदलतात, वेळ पडली तर थांबवतात. पण सांगणार कोण? कांताबाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढली होती. तपासणीला साहेब आला, मॅडम आली, "कसं चाललंय बाई?" असं कोणी विचारलं, की एकच उत्तर: "बरं हाये जी." छत गळत असलं तरी बरं हाये, धान्यात सोंडे असले तरी बरं हाये. साहेबाच्या पुढ्यात रडगाणं गायचं नसतं, हे त्या नोकरीनं त्यांच्या हाडांत मुरवलं होतं. त्यात या वेळी साहेबाच्या शेजारी त्यांचा मुलगा बसलेला असे. मग तर विचारायलाच नको!

धम्मरत्न हा पायलचा नवरा, मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचा. भरलेली गाडी तोलायची, कापूस रिकामा झाला की गाडी पुन्हा तोलायची, आणि वजाबाकी सांगायची, हे त्याचं काम. माणूस सरळ, काट्यासारखाच. पण त्याच्या छातीत एक काटा वीस वर्षांपासून रुतून बसला होता. त्याचे वडील उकंडा तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. तोंडात जखम झाली तेव्हा धम्मरत्न एकोणीस वर्षांचा होता. कोणीतरी सांगितलं, पलीकडच्या गावचा वैदू पाल्याचा रस देतो, खात्रीचा. आठ महिने दर गुरुवारी हा पोरगा सायकल मारत जाऊन ती बाटली आणत राहिला. अखेर नागपूरला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी आणलं असतं तर…" ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. धम्मरत्न ते रोज पुरं करत आला होता.

म्हणून आईची केमो हे त्याच्या लेखी नुसतं औषध नव्हतं. ते प्रायश्चित्त होतं! एक फेरी चुकली की त्याचा चेहरा पांढरा पडे.

आणि कांताबाई? त्यांना या जगाकडून आता एकच गोष्ट हवी होती. गावच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज दिवेलागणीला धम्मग्रंथ वाचला जायचा. पांढरी लुगडी नेसून बाया बसायच्या, आणि बावीस वर्षं वाचणारा आवाज एकच होता, कांताबाईंचा. ज्या बाईला तिशीपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिनं साक्षरता वर्गात मुलाच्या शेजारी बसून पाटीवर अक्षरं गिरवली होती, आणि मग साऱ्या गावाला ग्रंथ ऐकवला होता! मागच्या वर्षी केमोमुळे वाचन अर्ध्यात राहिलं. "या वर्षी शेवटलं पान वाचूनच जाईन," असं त्या म्हणायच्या, आणि 'कुठे जाईन' हे कोणी विचारत नसे.

तोंडात फोड आले होते, आवाज कापरा झाला होता, तरी त्या रोज विहारात जात. पायल त्यांच्या अगदी लगत बसे आणि पान उलटवून देई, कारण त्या बोटांना आता कागदच कळत नव्हता. बायांना वाटे, सून मिरवते आहे. इंदूबाई तर एकदा तोंडावर बोलून मोकळी झाली, "तुले बी वाचाची घाई झाली काय वो? सासूले बसू दे ना सुखानं!" पायल खाली मान घालून हसली. तोंडावर आलेलं उत्तर गिळायची सवय तिला लागत चालली होती.

पण पाय भाजल्याच्या तिसऱ्या दिवशी, यवतमाळच्या दवाखान्यात, तिला ते गिळता आलं नाही.

डॉक्टर सुहासिनी शांत स्वभावाच्या, केस पिकलेल्या बाई होत्या. त्यांनी फाइल उघडून विचारलं, "कसं वाटतंय, कांताबाई?"

"बरं हाये जी."

"जेवण जातंय?"

"बरं हाये जी."

"हातापायांना मुंग्या? बधिरपणा? वस्तू हातातून पडतात का?"

"नाई जी. काईच नाई."

"माय खंबीर हाये, म्याडम," धम्मरत्न घाईनं म्हणाला. "औषध कमी नका करजा. पूर्ण द्या."

पायलच्या डोळ्यांपुढे तो वाफाळता मग आला. आण घातली होती… पण आणेनं माणूस मरतो की गप्प राहिल्यानं?

"खोटं हाये, म्याडम!" ती उभीच राहिली. "त्याहिले काई समजत नाई हातापायातलं. उकळतं पाणी घेतलं पायावर, फोड आला हाये. कप धरवत नाई, पान उलटवत नाई… तुमी पाय पाहा ना त्याहिचा!"

धम्मरत्ननं आईकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी भीती होती, लहान पोराची भीती, की कांताबाईंचं काळीज विरघळलं. आणि त्या माउलीनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं त्याच क्षणी सांगितलं.

"फोड आला हाये जी, पण तो… पोरीच्याच हातून पाणी सांडलं पायावर. भेली बिचारी, म्हणून असं म्हणते. मले काई नाई झालं."

पायल खाली बसली. नाही म्हणावं तर सासूला दुसऱ्यांदा खोटं ठरवायचं, आणि तेही तिच्या मुलासमोर! डॉक्टरांनी कांताबाईंना डोळे मिटायला सांगितले, पायाचं एकेक बोट हलवून विचारलं, "वर की खाली?" कांताबाईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली. त्यांच्या पापण्यांखालून बारीकशी फट उघडी आहे, हे एकट्या पायलला दिसत होतं.

डॉक्टरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आज औषध देत नाही. पुढच्या आठवड्यात नीट तपासून ठरवू."

परतीच्या एसटीत धम्मरत्न आईजवळ बसला, पायल दोन बाकं मागे. करंजीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तो मागे आला. त्याचा आवाज बारीक होता, म्हणूनच जास्त कापणारा होता.

"मायचा पाय जाळला, अन् वरून तिचं औषध बंद पाडलं. तुले हाये काय मनात? सेवा करून करून कटाया आला अशीन त सांग ना सरळ!"

"तुमाले असं वाटते?" एवढंच ती म्हणू शकली.

घरी आल्यावर फाइल त्यानं कपाटात टाकून कुलूप लावलं. पायलनं मात्र त्या संध्याकाळी, भाकरी टाकता टाकता, एकदाच तोंड उघडलं.

"तुमी काट्यावर बसता ना? भरलेली गाडी तोलता, अन् तेवढा सगळा कापूस धरता काय? रिकामी गाडी तोलून वजा करता ना? मंग मायच्या औषधाची भरलेली गाडीच काहून तोलून राह्यले? औषध काय देते ते पाह्यता, काय नेते ते कधी पाह्यलं? हात नेले, पाय नेले, तोंडाची चव नेली, आता आवाज नेऊन राह्यलं! वजाबाकी कोण करन?"

"चूप!" तो ओरडला. भाकरीसकट तवा हलला. "बापाच्या टाइमाले बी लोकं असेच शहाणे झालते. 'कायले दवाखाना, कायले तरास देता!' म्या ऐकलं त्याहिचं. पुन्हा नाई ऐकणार! तू आपल्या माहेरी जाय, उमरखेडले. माय बरी होईपर्यंत इथं येऊ नको."

माय बरी होईपर्यंत! त्या भोळ्या, दुर्दैवी शब्दांनी पायलला त्याच्या रागापेक्षा जास्त रडू आलं.

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा कांताबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. धम्मरत्न कामावर गेला होता. त्यांनी सुनेला कवटाळलं आणि त्यांचं हाडांचं शरीर हुंदक्यांनी हलू लागलं.

"मले माफ कर वो पोरी… तुह्यावर घातलं म्या. तो बापाचं ओझं वाह्यते अजून. म्या जर म्हटलं का मले हे औषध सोसत नाई, त त्याले वाटन, बाप बी माह्याच हातानं गेला अन् माय बी माह्याच हातानं चालली. तो नाई वाचणार, पायल. मी त तशी बी जाणारच हाये…"

"पण आई, तुमचं वाचन? पान कोण उलटवन?"

कांताबाईंनी डोळे पुसले. बोटं गालावर नेमकी टेकली नाहीत; पदर नाकावरच फिरला. "मले पाठ हाये बरंचसं," त्या म्हणाल्या. "तू त्याले काई सांगू नको. एवढं कर माह्यासाठी."

आणि पायलनं तेवढं केलं! जो कलंक एका वाक्यात पुसता आला असता, तो कपाळी घेऊन ती उमरखेडच्या गाडीत बसली.

माहेरी आईनं विचारलं, भावानं विचारलं. ती म्हणाली, थोडी विश्रांती घ्यायला आले. दिवेलागणी झाली की तिची बोटं आपोआप वळवळत, जणू पान उलटायची वेळ झाली. फोन तिकडून येत नव्हता. एकदा तिनंच इंदूबाईला फोन लावला. "आवाज बसला वो कांताबाईचा," इंदूबाई म्हणाली. "पुढल्या तपासणीत बी 'बरं हाये'च म्हणे ते, त औषध पुन्हा चालू झालं. दर आठवड्याले घेऊन जाते धम्मा, अन् आली का दोन दिवस उठतच नाई. बरं, तू काहून गेली अशी ऐन टाइमाले?" पायलनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिली. कॅलेंडरावर पौर्णिमेला दहा दिवस उरले होते. त्या दहा दिवसांत औषध जिंकेल की कांताबाई, आणि औषध जिंकलं म्हणजे नेमकं कोण हरेल, हे तिला काही केल्या उलगडत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, धम्मरत्न दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आई…?"

"हाये." तो ओसरीवरच मटकन बसला. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. पेल्याकडे बघतच तो बोलू लागला.

"परवा मीच नेलं मायले विहारात. बाप गेल्यापासून म्या तठी पाय नव्हता ठेवला, तुले माहीत हाये. तिच्या बाजूले बसलो. तिनं ग्रंथ उघडला अन् वाचाले लागली. वाचून राह्यली, वाचून राह्यली… अन् पान काई उलटवे ना! म्या वाकून पाह्यलं. ती वाचे ते त्या पानावर नव्हतंच, पायल. त्या पानावर माह्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. साक्षरता वर्गात असताना जोडाक्षर आलं का तिले अडाचं, म्हणून म्या त्याच्याखाली रेघ मारून द्याचो. ते सारे रेघा माह्यासमोर होते, अन् ती दुसरंच म्हणून राह्यली होती. पाठ! तिले पान उलटवताच येत नव्हतं… मधात ती अडली. पुढचं आठवे ना. सारं विहार वाट पाहून राह्यलं. तिनं पान उलटवाले हात लावला त पंधरा-वीस पानं एकदमच गेली. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् हासली. म्हणते, आज इतकंच पुरे."

पायलनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"घरी आणलं. तुहं बोलणं डोक्यात फिरून राह्यलं होतं. म्या गंज भरून पाणी नेलं तिच्या पायाजवळ. म्हटलं, माय, गरम पाणी आणलं शेकाले, लय गरम त नाई ना? ओतलं तिच्या पायावर." तो थांबला. "म्हणते, बरं हाये बाबू, चांगलं शेकते. पायल… ते माठातलं पाणी होतं."

आणि तो भर दुपारी, सासुरवाडीच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडू लागला. "तू खरं बोलली होती, अन् म्या तुले… तिनंच सांगितलं मंग सारं. पाणी कोणं सांडलं, ते बी. तू एक शब्द नाई बोलली! कायले नाई बोलली?"

"त्याहिनं सांगितलं होतं, नको बोलू," पायल म्हणाली. मनातला राग शोधावा तर तो कुठे सापडेना. फक्त उशीर झाल्याची एक थंड भीती होती. "चला. पौर्णिमेले सहाच दिवस राह्यले."

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टर सुहासिनींसमोर बसले. त्यांनी विचारायच्या आतच धम्मरत्न बोलला. "म्याडम, माही माय खोटं बोलते. मले भेऊन खोटं बोलते. आज मी बाहीर बसू काय?"

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही इथेच बसा. कांताबाई, आता सांगा."

कांताबाईंनी मुलाकडे पाहिलं. ओठ हलले, 'बरं हाये' तिथपर्यंत आलंही असेल… पण धम्मरत्ननं त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्या वाळलेल्या फोडावर हात ठेवला होता.

"बरं नाई जी," त्या कशाबशा म्हणाल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा! मग जे साचलं होतं ते सगळं वाहू लागलं. बोटं गेली. पाय जमिनीवर हाये का नाई, समजत नाई. तोंडात अंगार. पोटात दुखते, रोज दुखते…

डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग मागच्या आठवड्यात काढलेल्या स्कॅनचा नुकताच आलेला कागद समोर ठेवला. "पहिल्या वेळी या औषधानं दिलं खूप, नेलं कमी. ते वर्ष तुम्हाला केमोनंच दिलं, त्याबद्दल मनात किंतू ठेवू नका. पण या वेळी आजार औषधाला दाद देत नाहीये. गाठी वाढल्यात. औषध चालू ठेवलं तर कदाचित काही आठवडे जास्त मिळतील, कदाचित नाही मिळणार, आणि ते बहुतेक अंथरुणातच जातील. थांबवलं तर आजार थांबणार नाही, हेही स्पष्ट सांगते. दुखणं मात्र आपण आवरू शकू, तोंड भरून येईल. हाताची जाणीव लगेच परत येणार नाही, पूर्ण येईलच असंही नाही. कांताबाई, तुम्हाला काय हवं आहे?"

हे त्यांना दीड वर्षात कोणी विचारलंच नव्हतं.

"पुनवेपर्यंत आवाज पाह्यजे जी," कांताबाई म्हणाल्या.

धम्मरत्नच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. "म्हणजे बापाले म्या औषध न देता मारलं, अन् मायले औषध देऊन!"

"धम्मा!" त्या क्षीण देहातून असा करारी स्वर निघेल असं कोणाला वाटलं नसतं. "तुह्या बाबाले खर्र्यानं मारलं. एकोणीस वर्साचं लेकरू सायकलवर बाटल्या आणे, तेच्यानं बाबा आठ महिने आशेवर तरी जगला. अन् मले तू नाई मारून राह्यला. मीच बोलली नाई. बोलाले पाह्यजे होतं म्या… तुह्याजवळ त बोलाले पाह्यजे होतं ना!"

त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या पायांना त्याच्या आसवांची ऊब कळत नव्हती. पण त्या वाकून पाहत होत्या, म्हणून त्यांना ती दिसत होती. डॉक्टरांनी फाइल बंद करून दुखण्याच्या औषधाची चिठ्ठी पायलच्या हातात दिली.

पाच दिवस! त्या औषधानं पोटातली कळ बरीच खाली आली, तोंडातले फोड थोडे निवले, कांताबाई दोन घास पेज घेऊ लागल्या. त्याच पाच दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले, पोट आणखी चढलं, हेही पायलला दिसत होतं. देणंघेणं दोन्ही समोर होतं. धम्मरत्ननं रजा टाकली. तो आईला खुर्चीसकट उचलून विहारात नेई, आणि पायल पान उलटवी. मधली राहिलेली पानं कांताबाईंनी एकेका बैठकीत दोन-दोन दिवसांची वाचून काढली.

अश्विन पौर्णिमेला विहार भरून गेलं होतं. पांढऱ्या लुगड्यांची रांग दारापर्यंत आली होती, बाहेर खिरीचं पातेलं उकळत होतं. वंदना झाली, पंचशील झालं. कांताबाईंनी वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नव्हता, म्हणून सगळं विहार श्वास रोखून पुढे वाकलं. पाच पानं उरली… चार… तिसऱ्या पानाच्या मध्यावर आवाज एकदम संपला. ओठ हलत राहिले, पण त्यातून काहीच येईना! त्यांनी पायलकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि त्या डोळ्यांत अशी केविलवाणी हाक होती की इंदूबाईनं पदरात तोंड लपवलं.

धम्मरत्न पुढे सरकला. त्यानं आईच्या पाठीमागे बसून तिला छातीशी टेकवून घेतलं, तिचं तर्जनीचं बोट आपल्या हातात धरलं आणि ओळीवर ठेवलं, एकेकाळी पाटीवर ठेवायचा तसं. मग तो वाचू लागला. वीस वर्षांत विहाराचं तोंड न पाहिलेला माणूस. जोडाक्षराजवळ आला की त्याचा आवाज फाटत होता. कांताबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. पायलनं शेवटचं पान उलटवलं आणि तो शेवटच्या शब्दापर्यंत पोचला.

खिरीच्या वाट्या फिरू लागल्या. बाया येऊन पाया पडत होत्या. "कसं वाटते कांताबाई?" इंदूबाईनं विचारलं.

कांताबाईंनी हसून मान हलवली. "बरं हाये," त्या ओठांनीच म्हणाल्या.

इंदूबाई पायलजवळ वळली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलताच आपल्या वाटीतली खीर तिच्या वाटीत ओतून निघून गेली.

घरी आणून अंथरुणावर ठेवलं तेव्हा चंद्र नुकता छपरावर आला होता. धम्मरत्न उशाशी बसला. त्यानं आईच्या कपाळावरून हात फिरवला, आणि विचारायचं धाडस गोळा करायला त्याला बराच वेळ लागला.

"माय… कसं वाटते?"

कांताबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. कुठून तरी आवाजाचा एक धागा त्यांनी ओढून आणला.

"लय दुखून राह्यलं रे बाबू," त्या म्हणाल्या. "भेव लागते. हात धरून ठेव माहा, अन् डोळ्यासमोर धर, मले दिसला पाह्यजे."

धम्मरत्ननं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला दिसेल असा वर उचलून धरला. पायलनं दुखण्याच्या औषधाची बाटली उघडली, चमचा भरला आणि सासूच्या ओठांना लावला.